बारा ट्यूबांची जलरंगाची पेटी आणि तिच्यातला लाल: आठ महिन्यांनंतर

परवा क्रिमसनची ट्यूब पोटाशी फाटली आणि अर्धा रंग टेबलावर सांडला. जूनपासून मनात साठलेलं आज लिहूनच टाकते. पेटी तुमच्या ओळखीचीच आहे: शाळकरी मुलांसाठीची, १२ ट्यूबा, प्रत्येकी ५ मिली, फोंड्याच्या बाजारात ३४० रुपयांना.

लेक नववीत. ड्रॉइंगच्या टीचरनी उष्ण आणि शीत रंगांचा प्रकल्प दिला होता. देखावा एकच, पण रंगवायचा दोनदा: एकदा लाल-नारिंगी-पिवळ्यात, एकदा निळ्या-हिरव्या-जांभळ्यात. तिने आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन आणि त्यामागचा चिऱ्याचा गडगा घेतला. एक बाजू एप्रिलमधल्या दुपारची, दुसरी जुलैच्या पावसातली.

उष्ण बाजू दोन संध्याकाळींत झाली. या पेटीतले पिवळा, नारिंगी, लाल एकमेकांत सुरेख मिसळतात. चिऱ्याचा रंग तर लालात बर्न्ट सायनाचा ठिपका टाकला की हुबेहूब जमतो. जमणारच, कारण चिऱ्याला तांबडेपणा येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे आणि बर्न्ट सायनाही मुळात लोहाचीच भाजलेली माती. एवढ्यावर मी पेटीला दहापैकी नऊ दिले असते.

मग जांभळ्याची वेळ आली. पेटीत तयार जांभळा नाही, पण त्याबद्दल तक्रार नाही, मुलांनी तो मिसळायलाच शिकावं. तिने क्रिमसन आणि अल्ट्रामरीन मिसळला. आला तो ओल्या गोणपाटाचा रंग. निळा वाढवून पाहिला, लाल वाढवून पाहिला, कागदावर सात ठिपके टाकले. सातही मातकट.

ट्यूबवर क्रिमसन छापलंय आणि आत शेंदरी भरलाय, हा माझा खरा राग. क्रिमसन म्हणजे कोकमाची सोलं भिजवल्यावर पाण्याला येतो तो रंग, निळ्याकडे झुकलेला लाल. या ट्यूबमधून येतो तो मारुतीच्या शेंदराचा. त्यात पिवळा आधीच दडलेला असतो आणि पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग. दोघे एकमेकांना मारतात आणि हाती राखाडी-तपकिरी चिखल उरतो. आपण सगळ्या लालांना सरसकट उष्ण म्हणून मोकळे होतो, पण लालातही एक जरा उष्ण असतो आणि एक जरा शीत. मुलांना हा फरक कळावा म्हणून तर प्रकल्प असतो. चुकीचं नाव छापल्यावर मूल रंगाला दोष देत नाही, आपल्या हाताला देतं. "आई, मला मिसळता येत नाही," असं ती दोन दिवस म्हणत होती. ते मला फार लागलं.

कंपनीला लिहिलं. सोबत सात ठिपक्यांचा फोटो आणि शेजारी वाटीत सोलांचं पाणी. बिल मागितलं, ट्यूबवरचा बॅच क्रमांक मागितला, तीन आठवडे गेले. मग नवी पेटी आली, फुकट. उघडून पाहते तर लाल तोच.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागली. लेक रात्री ट्यूबलाइटखाली रंग मिसळत होती. आमचा दिवा ६५०० केल्विनचा, पांढरा-निळसर. तिथे ठीक वाटलेला रंग सकाळी ओसरीवर वेगळाच दिसायचा. म्हणून पुढचं सगळं काम दिवसाउजेडी करायला लावलं. उजेडात जांभळा सुधारला नाही, पण बाकीचे रंग तिला नीट जोखता यायला लागले.

आणि मग ऑगस्टमध्ये तिने तोच मातकट जांभळा गडग्याच्या सावलीला लावला. भोवती शेवाळाचा हिरवा, वर पावसाचा निळा. पावसात भिजलेला चिरा काळवंडतो, सावलीत त्याला जांभळट झाक येते, आणि नेमकी तीच कागदावर आली. मी किती वेळ बघत उभी राहिले. तो रंग एकटा असताना चिखल होता, निळ्या-हिरव्याच्या संगतीत तो पावसाळा झाला. शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये रंगांच्या या शेजारधर्मावर सविस्तर लिहिलं. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. त्याने शोधलं तेव्हा रंगाई चोख निघाली. काळा फिका दिसत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. तिथे रंगाऱ्यांचा दोष नव्हता. इथे ट्यूबवरच्या नावाचा आहे, ते मी सोडणार नाही.

म्हणून पणजीला गेले तेव्हा क्रिमसनची एक सुटी ट्यूब आणली. तिच्यावर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला होता, पीव्ही १९. पेटीतल्या एकाही ट्यूबवर असा क्रमांक नाही. ही सुटी ट्यूब आणि पेटीतलाच अल्ट्रामरीन, पहिल्याच ठिपक्याला पिकलेल्या जांभळाचा रंग. म्हणजे निळा निर्दोष होता. वृंदावनाच्या कोनाड्यातली सावली तिने या जांभळ्याने केली, गडगा मात्र जुन्याच चिखलाचा ठेवला. मी सुचवलं नव्हतं.

घ्यायची का? ३४० मध्ये पिवळे, निळे आणि बर्न्ट सायना एवढे चांगले दुसरीकडे मिळाले नाहीत, तेव्हा घ्या. पण एक सुटा क्रिमसन धरूनच हिशेब करा. हिरवे दोन्ही कामचलाऊ. सोबतचा ब्रश फेकून द्या.

ट्यूब फाटली त्यात थोडी चूक माझीही. जलरंगात गम अरेबिक असतो, तो आट्यांवर वाळला की टोपण चिकटून बसतं. मी पकडीने पिळलं. कोमट पाण्यात टोपण दोन मिनिटं बुडवलं असतं तर सुटलं असतं. आता आम्ही दर वेळी ओल्या फडक्याने तोंड पुसूनच बंद करतो.

बदली पेटीतला शेंदरी जवळजवळ भरलेला आहे. लेकीला आता शिगम्याची मिरवणूक रंगवायची आहे, गुलालासकट. त्यात तो संपेल.