पर्वती की वेताळ टेकडी?

शेवटचं लेक्चर बुडलं की पुण्यातल्या या दोन टेकड्यांपैकी कुठे जायचं, हा आमच्या ग्रुपमध्ये वाद ठरलेला. पर्वतीच्या बाजूने मुख्य मुद्दा आळस. शंभरेक पायऱ्या, त्याही रुंद आणि बुटक्या (म्हणे हत्तीसाठी), की दहा मिनिटांत वर. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर, खाली पसरलेलं पुणं, आणि उतरल्यावर भेळ. पण रविवारी तिथे निवांत बसणं विसरा. पायऱ्यांवर घाम गाळत वर-खाली करणारे काका आपल्याकडे बघतात ते 'या वयात धापा?' अशा नजरेनेच.

वेताळ टेकडीला मात्र अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. लॉ कॉलेज रोडकडून चढलं की चपलेत खडे, पायमोज्यांना कुसळं. पण जुन्या दगडखाणीच्या काठावर बसलं की हॉर्न ऐकू येत नाहीत. मागच्या आठवड्यात झुडपातून मोर ओरडला आणि आमचा सबमिशनवरचा रडगाणा कार्यक्रम जागीच थांबला. वर खायला काही नाही, पाण्याची बाटली आपली आपण न्यायची.

पाहुणे आले तर पर्वती. डोकं तापलं असेल तर मी वेताळाकडेच जाते. फक्त अंधाराआधी उतरायचं.