मंडईपासून रोवणीपर्यंत: रेकॉर्डरच्या कार्डांवर फोटोरेक वापरल्याचा अनुभव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या बाजूच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचं दुकान आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, तेव्हापासून यंदाच्या भाताच्या रोवणीपर्यंत फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर सारखं वापरात आहे. दंडारवाले (दंडार म्हणजे आमच्या भागातलं लोकनाट्य), भजनी मंडळं, नाटकवाले अशा सगळ्यांकडे आता हातात मावणारे रेकॉर्डर आलेत, आणि त्यातलं मेमरी कार्ड उघडेनासं झालं की ते कागदाच्या पुडीत बांधून दुकानात येतं. आधी निकाल सांगतो: आवाजाच्या फाइली परत काढायला पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरची गरज मला पडली नाही. फोटोरेक फुकट आहे आणि चांगलं आहे. पण ते एकटं पुरत नाही, आणि जिथं पुरत नाही नेमकं तेच दुखणं आमच्या भागात जास्त येतं.

आधी त्याचं बलस्थान. फाइल चुकून पुसली किंवा कार्ड झटपट फॉरमॅट केलं, तर आतला आवाज लगेच जात नाही. फॅट ३२ पद्धतीच्या कार्डात फाइल पुसली की कार्डावरच्या फाइलींच्या यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी असल्याची नोंद होते, एवढंच. फोटोरेक ती यादी बघतच नाही. ते कार्ड सुरुवातीपासून चाळत जातं आणि फाइलीच्या तोंडाशी असलेली ओळखीची खूण शोधतं. डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या, फाइलीच्या तोंडाशी ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरं असतात. ती दिसली की तिथून पुढचं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतं. मूळ कार्डावर ते काही लिहीत नाही, म्हणून मी ते बिनधास्त चालवतो.

एका भजनी मंडळानं सप्ताहाचं रेकॉर्डिंग केलं होतं. कुणाच्या तरी पोरानं ते कार्ड मोबाइलमध्ये घातलं, मोबाइलनं फॉरमॅट करू का विचारलं, पोरगं हो म्हणालं. वर त्यानं त्यावर लग्नाचे फोटोही काढले. नवं लिखाण कार्डाच्या सुरुवातीपासून होत गेलं, त्यामुळे सप्ताहाचे पहिले दिवस गेले आणि पुढचे जवळपास सगळे परत आले. फोटो काढले नसते तर तेही दिवस आले असते. म्हणून गावात मी एकच गोष्ट सांगत फिरतो: कार्ड बिघडलं की रेकॉर्डरमधून बाहेर काढा आणि ‘चालतं का बघू’ म्हणून परत घालू नका.

परत आलेल्या फाइलींची नावं मात्र गेलेली असतात. इंग्रजी एफ आणि पुढे आकडे, अशी नावं पडतात. पहिल्यांदा डोकं धरायची पाळी येते. पण ते आकडे उगाच नाहीत. फाइल कार्डाच्या कितव्या सेक्टरपासून (कार्डावरच्या बारीक कप्प्यापासून) सुरू झाली, तो आकडा तिथं असतो. म्हणून नावानुसार क्रम लावला की फाइली कार्डावरच्या क्रमानं येतात, आणि कार्ड कोरं करून वापरलेलं असेल तर बहुधा तोच रेकॉर्डिंगचा क्रम असतो. सप्ताहाचे दिवस आम्ही असेच लावले. ज्या मंडळात सुरुवातीला कुणीतरी माइकजवळ गावाचं नाव आणि तिथी बोलतं, त्यांचं काम तर ऐकता ऐकता होऊन जातं.

वापरायला सोपं म्हणावं का? काळी खिडकी, सगळं इंग्रजीत, माऊस चालत नाही. क्यूफोटोरेक नावाची बटणांची आवृत्ती सोबतच मिळते, नवख्यानं तीच घ्यावी. मी काळ्या खिडकीतच करतो, कारण तिथं फाइलींचे प्रकार निवडायचा पडदा हाताला बसला आहे. ‘एस’ दाबून सगळे प्रकार बंद करायचे, मग आरआयएफएफ आणि एमपीथ्री एवढेच चालू करायचे, नाही तर हजारो बारीकसारीक फाइलींचा ढीग होतो. डिस्क निवडताना आकार बघून निवडावी आणि फाइली ठेवायची जागा त्याच कार्डावर देऊ नये. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडली की चालू.

आता ते दुखणं. आमच्याकडे दंडार आणि नाटक रात्रभर चालतं. रेकॉर्डर चार्जरवर लावून ठेवतात, आत सेल नसतात, मध्येच लाईन जाते. किंवा सेल असतात पण पहाटेपर्यंत टिकत नाहीत. डब्ल्यूएव्ही फाइलीच्या सुरुवातीला, साध्या फाइलीत ४४ बाइटांचं, हेडर असतं आणि आवाज किती लांब आहे हा आकडा त्यात असतो. बरेच रेकॉर्डर तो आकडा ‘स्टॉप’ दाबल्यावर भरतात. स्टॉप दाबायच्या आत वीज गेली, की आकडा शून्यच राहतो आणि यादीत फाइल ० केबी दिसते. आवाज कार्डावर असतो, फक्त तो कुठपर्यंत आहे हे सांगणारं कुणी नसतं. अशा कार्डांवर फोटोरेकनं मला कधी चिमूटभर तुकडा दिला, कधी काहीच नाही.

इथं ऑडॅसिटी हे आवाज ऐकायचं-कापायचं सॉफ्टवेअर कामाला येतं, तेही फुकट. आधी पूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, लॅपटॉपवर घ्यायची. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर चालतं, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. ३२ जीबीच्या कार्डाला तेवढीच मोकळी जागा लागते आणि जुन्या कार्ड रीडरवर अर्धा तास सहज जातो. मग ऑडॅसिटीत ‘इम्पोर्ट’मधलं ‘रॉ डेटा’ घेऊन ती प्रतिमाच आवाज म्हणून उघडायची. रेकॉर्डर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओवर असेल तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट जातात, तासाला सुमारे ६३५ एमबी. हा हिशोब पाठ असला की कुठून उघडायचं ते ‘स्टार्ट ऑफसेट’मध्ये अंदाजानं टाकता येतं. आकडा ४ च्या पटीत ठेवावा. २४ बिट स्टिरिओला ६ च्या पटीत, आणि जमलं नाही तर एकेक बाइट सरकवून बघावं. चुकला तर गाण्याच्या जागी नुसती सरसर ऐकू येते. आवाज दुप्पट वेगानं आणि बारीक आला तर रेकॉर्डिंग मोनो आहे असं समजावं. किंचित संथ आणि जाड आला तर ते ४८ किलोहर्ट्झवर केलेलं असतं.

एक कॉलेजची मुलगी आजीची रोवणीची गाणी घेऊन आली होती. सेल संपून रेकॉर्डर बंद पडला, फाइल ० केबी. “काका, पाहा ना जी, बुढी आता परत बसणार नाही म्हणते गायला.” आधी कार्डावरच्या जुन्या फाइलींचा आवाज लागला, मग तिच्या आजीचा. शेवटचे काही क्षण सोडले तर सगळं मिळालं. अशा कामात फोटोरेकचा काही हात नाही, हे परीक्षण लिहिताना कबूल करायला हवं.

विंडोज ‘डिस्क दुरुस्त करू का’ विचारतं, त्याला प्रतिमा घेतल्याशिवाय हो म्हणू नये. विंडोजचं ते दुरुस्तीचं काम, चेकडिस्क, फाइलींचे तुटके तुकडे सीएचके नावाच्या फाइलींत कोंबतं. कधी त्यात आवाज मिळतो, कधी होतं तेही विस्कटतं. आणि आधी दुसरा रीडर लावून बघा. कार्ड ठणठणीत आणि रीडरच मेलेला, असंही दुकानात आलं आहे.

काही कार्डांपुढे दोन्ही सॉफ्टवेअर हात टेकतात. बाजारातलं १२८ जीबी लिहिलेलं स्वस्त कार्ड आतून भलतंच लहान निघतं. जागा संपल्यावर रेकॉर्डर लिहीत राहतो आणि कार्ड ते कुठेच ठेवत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते फोटोरेक कुठून आणणार? नवं कार्ड घेतलं की एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरनं भरून तपासतो, लिनक्सवर एफ३ आहे. रात्रभर वेळ लागला तरी चालेल. भजनी मंडळांना मी आता एमपीथ्रीवर रेकॉर्ड करा असं सांगतो. त्यातला आवाज साधारण २६ मिलिसेकंदांच्या स्वतंत्र चौकटींत असतो, त्यामुळे मध्येच तुटली तरी फाइल तिथपर्यंत वाजते, आणि १९२ केबीपीएसला तासाला ८६ एमबीच लागतात. जुन्या बायांची गाणी, दंडार, जपून ठेवायचं असं जे काही असेल ते मात्र डब्ल्यूएव्हीवरच हवं, आत ताजे सेल घालून.

चार ट्रॅकचे रेकॉर्डर ही वेगळीच कटकट. ते एकाच वेळी दोन फाइली लिहितात, त्यामुळे कार्डावर रंगमंचाच्या माइकचा एक तुकडा, मग पेटी-तबल्याचा एक, असे आलटून पालटून पडतात. फाइल सलग आहे असं धरून चालणारं फोटोरेक तिथं गोंधळतं. एका नाटकवाल्याचा दुसरा अंक असा माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. तुकडे हातानं कापून जोडायला घेतले, पण सगळ्यांची लांबी सारखी नाही. लांबीचा नियम शोधून असे दोन ट्रॅक कुणी वेगळे केले असतील, तर कसे केले ते जरूर लिहा.