अँबेसेडरचं टायमिंग: दिवा की स्ट्रोब?

डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) खोलून नवीन बुश, पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क), स्प्रिंगा घालून आणला की पहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मी दिव्यावरच लावतो. पॉइंटचा गॅप आधी, कारण तो बदलला की टायमिंगही हलतं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, पुलीची खूण जुळवायची, बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेला अगदी सावकाश फिरवायचा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तिथेच क्लँप आवळा. खर्च जवळजवळ शून्य, आणि गाडी पहिल्या सेल्फला उठते.

पण रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बंद इंजिनात हलतच नाहीत, आणि त्यांना धरतात त्या स्प्रिंगा. नवीन स्प्रिंगा कडक आहेत की ढिल्या, हे बल्बला कळणार कसं? ते स्ट्रोब, म्हणजे चालू इंजिनात ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा, दाखवतो. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, पुलीवर खडूची रेघ मारा आणि रेस वाढवा. रेघ एकसारखी सरकत गेली तर काम चोख. ती थरथरली तर बुश किंवा शाफ्टचा खेळ तपासा. रिपेअर केलेल्या डिस्ट्रिब्युटरला म्हणूनच माझं मत स्ट्रोबला. फक्त फॅनपासून वायर लांब ठेवा: स्ट्रोबच्या उजेडात फिरती पाती स्थिर भासतात.