लुगॉल की एनबीआय?

आमच्या सोलापुरात कडक भाकरी घशाखाली उतरेना झाली, की माणूस आधी पाण्याचा घोट घेतो, मग भाकरी कुस्करून खातो, आणि डॉक्टरकडे जातो ते सगळ्यात शेवटी. तोवर अन्ननलिकेतली गाठ बरीच वाढलेली असते. तंबाखू आणि दारूची सवय असलेल्यांत गाठीच्या आधीचे बदल सापडायला हवेत, पण तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीच्या (एंडोस्कोपीच्या) साध्या पांढऱ्या प्रकाशात ते सहज निसटतात.

ते उठून दिसावेत म्हणून जुना उपाय लुगॉलचा. आयोडीनचं द्रावण आतून फवारायचं. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ते कमी, म्हणून तो भाग फिकट राहतो. दोन-तीन मिनिटांत तो गुलाबी झाला तर संशय बळावतो. स्वस्त, आणि फारसं काही सुटत नाही. मात्र नुसत्या सुजेचा भागही फिकट दिसतो, छातीत जळजळतं (सोडियम थायोसल्फेट फवारलं की कमी होतं), आणि आयोडीनची ॲलर्जी असेल तर नकोच.

एनबीआय, म्हणजे नॅरो बँड इमेजिंग, याला औषध लागत नाही, बटण दाबायचं. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. बदललेला भाग तपकिरी दिसतो, त्यात वेड्यावाकड्या केशवाहिन्यांचे ठिपके. गंमत बघा, लुगॉलमध्ये तपकिरी म्हणजे बरं, इथे तपकिरी म्हणजे शंका! पण यंत्र महाग, आणि बघणाऱ्याची नजर तयार हवी.

मला विचाराल तर सोय असेल तिथे आधी एनबीआय, आणि शंका उरली तर लुगॉल. संशयित भागाचा तुकडा तपासायला मात्र दोन्ही पद्धतींत द्यावाच लागतो.