जुन्या लॅपटॉपवर कोडिंग शिकतेय, आठ महिन्यांचा अनुभव (बॅटरी बघूनच घ्या!)

लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन असं: सहाव्या जनरेशनचा आय फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी, सेकंडहँड 14 हजारांत. विंडोज 11 याला अधिकृतपणे चालत नाही आणि 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून सरळ लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला एवढं मशीन भरपूर झालं, सुरुवातीलाच साठ-सत्तर हजार घालू नका.

पण बॅटरी! दुकानदार म्हणाला तीन तास, मिळाली 35 मिनिटं. फोन केला की "उद्या या", गेलं की "मालक नाहीत". एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन, दुपारी लाईट गेली की पंखा बंद आणि लॅपटॉपही बंद. काकांच्या टॉवेलच्या कारखान्यासाठी कामगारांच्या आठवड्याच्या पगाराचा प्रोग्रॅम लिहीत होते, आयडल या पायथनच्या एडिटरमध्ये, सेव्ह न करता, तीन तासांचं काम एका झटक्यात गेलं. रडले अक्षरशः. त्या रात्री इथे या लॅपटॉपच्या रिव्ह्यूत दोन स्टार देऊन टाकले होते.

आता चार करतेय, कारण तोच प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी परत लिहिला तर पाऊण तासात झाला आणि पहिल्यापेक्षा नीट झाला. व्हिडिओ बघून सगळं कळल्यासारखं वाटतं, पण कोरी फाईल उघडून स्वतः लिहिल्याशिवाय हातात काहीच येत नाही. माझ्याकडे 12 डझन आणि 5 डझनची बेरीज 125 यायची, दोन दिवस डोकं फोडलं. इनपुटमधून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो, म्हणून 12 ला 5 नुसता चिकटतो; त्याला इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावावं लागतं, हे एकदा स्वतः भोगलं की जन्मात विसरत नाही. एरर आली तर घाबरू नका, आधी सगळ्यात खालची ओळ वाचा, खरं कारण तिथेच असतं. आणि रोज काम संपवून उठताना गिटला (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिट करा, म्हणजे झालेलं काम त्यात नोंदवा, मी लाईटच्या धाकाने लागले पण सवय लै कामाची आहे.

क्लासवाले 35 हजार सांगत होते, मी भरले नाहीत. हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन कोर्स फुकट बघता येतो, तोच करतेय.

नवी बॅटरी शेवटी माझ्याच पैशाने टाकली, 1800 गेले, त्याचा राग अजून आहे. म्हणून सांगते, घेताना दुकानातच विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट ही कमांड इंग्रजीत टाकायला लावा. जो रिपोर्ट बनतो त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज झाल्यावरची) शेजारी-शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचे पैसे तिथेच कमी करून घ्या, घरी आल्यावर कोणी ऐकत नाही.