चष्म्यावरून आठ महिने: बजेटमधल्या गेमिंग हेडफोनचा अनुभव

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरात घेतलेला हेडफोन आता जूनमध्ये आठ महिन्यांचा झाला. थंडीत वापरला, नवतपात म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातही वापरला. रोज रात्री दोन तास आणि शनिवारी चार-चार तास कानावर होता, त्यामुळे आता त्याबद्दल बोलायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर सगळं आवाजाबद्दलच लिहिलं असतं. आज आवाजाबद्दल दोन परिच्छेद पुरतील, बाकी सगळं कान, टाळू आणि चष्मा यांच्याबद्दल आहे.

आधी माझी गरज सांगते. मी नागपुरात राहते. दिवसभर सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम, आणि रात्री दहानंतर पुण्यातला धाकटा भाऊ आणि त्याच्या दोन मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ. शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले असतात, त्यामुळे स्पीकरचा प्रश्नच नाही. मला चष्मा आहे, कानात कुड्या असतात, केस वर बांधलेले असतात. बजेट तीन हजारांच्या आत.

याआधी माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला 1,300 रुपयांचा हेडफोन होता. दोन्ही बाजूंना रंगीत दिवे, खोक्यावर मोठ्या अक्षरांत 7.1 (म्हणजे सराउंड, चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) आणि 50 मिमी (आतल्या स्पीकरचा आकार). आवाज खरंच वाईट नव्हता. पण चाळीस मिनिटं झाली की उजव्या कानाच्या वर, जिथे चष्म्याची काडी टेकते नेमकं तिथे, ठणका सुरू व्हायचा. तासाभरात तो कानशिलापर्यंत पोचायचा. व्हॅलोरंटमध्ये बहुतेक राउंडच्या आधी बंदुका घ्यायला तीस सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत मी उजवा कप कानावरून उचलून धरायचे आणि राउंड सुरू झाला की परत ठेवायचे. असं वर्षभर केलं. मला वाटायचं, जास्त वेळ खेळतो म्हणून दुखतं, सगळ्यांचंच दुखत असणार.

तसं नसतं. दुखण्याची कारणं साधी आहेत आणि पट्टीने मोजता येतात. कप डोक्यावर किती जोरात दाबतो, एकूण वजन किती, आणि कानाला आत किती जागा मिळते, एवढ्यावर सगळं ठरतं. चष्मा असेल तर दाब गादीभर पसरत नाही, बराचसा त्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या काडीवर एकवटतो. आणि काडीच्या खाली पातळ कातडी, लगेच हाड. तो जुना हेडफोन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर वायरसकट 342 ग्रॅम भरला. कपाची आतली खोली पट्टीने पाहिली तर जेमतेम 14 मिमी. म्हणजे कानाची पाळी आतल्या कापडाला सतत टेकलेली आणि कुडीचा मळसूत्राचा भाग मागून मानेत रुतत होता. ड्रायव्हर, म्हणजे कपातला स्पीकर, 50 मिमीचा असो की 40 मिमीचा, या दुखण्यात त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून नवा घेताना ऑनलाइन न मागवता नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात गेले. पर्समध्ये सहा इंची पट्टी टाकली. घरून निघताना आरशासमोर स्वतःचा कान मोजून घेतला होता: वरपासून पाळीपर्यंत 61 मिमी. दुकानदार भाऊ चांगले होते. मी म्हटलं, मला प्रत्येक हेडफोन वीस मिनिटं तरी घालून बसायचं आहे. ते म्हणाले, "बसा ना ताई, तसंही दुपारचं गिऱ्हाईक कुठं आहे." पंख्याखाली स्टुलावर बसून तीन हेडफोन घालून पाहिले, तिन्ही चष्म्यासकट. पहिली पाच मिनिटं तिन्ही मऊ वाटले. बाराव्या-तेराव्या मिनिटाला एकाचा पट्टा टाळूवर बोचायला लागला. दुसरा ठीक होता, पण मान खाली घातली की पुढे घसरायचा. तिसरा वीस मिनिटांनी काढला तेव्हा कानांवर लाल वळ नव्हता. तो घेतला, 2,450 रुपयांना.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव वाचून सरळ मागवलात तर तो तुमच्या डोक्याला बसेलच असं नाही, आणि मला तेच तर सांगायचं आहे. माझ्या हेडफोनची मापं देते, ती जास्त उपयोगी पडतील: वजन 262 ग्रॅम, कपाची आतली उंची 65 मिमी, खोली 21 मिमी, पट्ट्यात स्टीलची पट्टी, साधी वायर. वजनाचा अंदाज हवा असेल तर रेझरचा ब्लॅकशार्क व्ही2 एक्स आणि लॉजिटेकचा जी335 हे दोन्ही 240 ग्रॅमचे आहेत, हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर 275 ग्रॅमचा. म्हणजे हलका आणि तरी धड असा हेडफोन बनू शकतो. 300 ग्रॅमच्या वर गेलात तर पट्टा खूप चांगला हवा. जी335 मध्ये डोक्यावर ताणला जाणारा लवचिक पट्टा आहे. तशा रचनेत वजन टाळूच्या एका बिंदूवर न येता पसरतं. मला तसा मिळाला नाही, पण कमी वजनामुळे फारसं अडलं नाही.

घरी आणल्यावर पहिले चार-पाच दिवस तो थोडा घट्टच वाटला. त्यावर उपाय केला तो सांगते. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा माझ्या डोक्यापेक्षा बोटभर जास्त रुंद होईल असा रचला आणि रात्रभर हेडफोन त्याला घालून ठेवला. असं तीन रात्री. पकड जाणवण्याइतकी सैल झाली आणि तशीच राहिली. हे फक्त पट्ट्यात स्टील असेल तरच करा. नुसता प्लॅस्टिकचा पट्टा असेल तर ताणून ठेवल्याने तडा जाऊ शकतो. आणि फार सैलही करू नका, कारण गादी डोक्याला नीट चिकटून बसली नाही तर हवा गळते आणि खालचे सूर हरवतात. चष्म्याच्या काडीमुळे तशीही थोडी फट राहतेच.

आणखी एक सवय लागली आहे: आधी हेडफोन, मग चष्मा. काडी गादीच्या वरच्या कडेतून किंचित तिरकी सरकवायची म्हणजे ती हाडावर न बसता थोडी वर, केसांवर टेकते. नंबर बदलला तेव्हा फ्रेमही पातळ काडीची घेतली. या दोन गोष्टींनी जो फरक पडला, तो हजार रुपये जास्त खर्चून पडला नसता.

आता उन्हाळा. इथे खरी परीक्षा झाली. माझ्या हेडफोनच्या गाद्या रेक्झिनच्या होत्या, या किमतीत बहुतेकांच्या असतातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीच तक्रार नव्हती, उलट थंडीत कान ऊबदार राहायचे. मार्च अर्धा उलटला आणि दहा मिनिटांत कानांभोवती घामाचं कडं उमटायला लागलं. घाम पुसला नाही तर रेक्झिन कडक होतं आणि मग त्याचे पोपडे निघतात. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी डाव्या गादीचे काळे पोपडे निघायला लागले. चष्म्यावर, उशीवर, ऑफिसच्या ड्रेसच्या कॉलरवर काळे कण. एकदा आईने कानामागे हात लावून विचारलं, "हे काजळ लावलंस का इथे?"

त्यावर पहिला उपाय घरचाच होता. बाबांच्या जुन्या बनियनचं होजिअरीचं कापड गोल कापलं, कडेला इलास्टिक ओवलं आणि गादीवर टोपीसारखं चढवलं. दोन जोड शिवले, एक धुवायला एक वापरायला. घाम कापड पितं, कण पडत नाहीत. मे महिन्याचे पंधरा दिवस त्यावरच काढले. मग 450 रुपयांच्या मखमली गाद्या मागवल्या. घेताना कपाची बाहेरची लांबी-रुंदी मोजून घ्या, नुसतं "सगळ्यांना बसते" असं लिहिलेलं पाहून घेऊ नका. जुनी गादी कडेने ओढली की निघते. नवीची पातळ झालर कपाच्या खाचेत सरकवायची असते. नखांनी जमेना, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने एकेक इंच आत ढकलत गेले. पहिल्या कपाला वीस मिनिटं लागली, दुसऱ्याला सहा.

मखमली गाद्यांनी आवाज बदलतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. कापडातून हवा जाते, त्यामुळे ढोल, स्फोट, इंजिन यांचा भरदारपणा कमी होतो. गाणी ऐकताना मला ते जाणवतं. खेळात मात्र पावलांचे आवाज उलट मोकळे वाटतात. पण बाहेरचा आवाजही जास्त आत येतो, आणि उन्हाळ्यात बाहेरचा आवाज म्हणजे आमचा कूलर. तो लावला की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. इथे मी स्वतःला आवरते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगते आणि आवाज थोडा वाढला तरी हे तास झपाट्याने कमी होतात. मी कूलरचं तोंड फिरवलं, वेग एकवर आणला आणि विंडोजमध्ये आवाज 40 च्या वर न्यायचा नाही असं ठरवून टाकलं.

आवाजाबद्दल मी समाधानी आहे. 7.1 च्या मागे लागू नका. या किमतीत कपात स्पीकर बहुधा प्रत्येक बाजूला एकच असतो, दिशा सॉफ्टवेअर दाखवतं. ते काम विंडोजमधलंच विंडोज सॉनिक फुकटात करतं, आणि व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तर स्वतःचं एचआरटीएफ, म्हणजे आवाजाची दिशा दाखवणारी सोय, आहे. ते चालू करा आणि बाकी सगळे सराउंड बंद ठेवा. दोन्ही एकत्र लावले तर पावलं कुठून येतात तेच कळेनासं होतं. भाऊ ओरडायचा, "ताई, मागे, मागे!" आणि मला ती समोर वाटायची. एक बंद केलं आणि प्रश्न मिटला. खोक्यावरच्या 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ या आकड्यालाही भुलू नका, तो जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो.

या बजेटमध्ये वायरचाच घ्या असं माझं ठाम मत आहे. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. पिन मात्र तपासून घ्या. तीन काळ्या रेघांची एकच पिन असेल आणि तुमच्या कॉम्प्युटरला माइक-स्पीकरची वेगवेगळी भोकं असतील तर दोन पिनांची जोडवायर लागते. माझ्या खोक्यात ती होती. माइक ठीक आहे, तोंडाच्या कोपऱ्यापाशी ठेवला की श्वास येत नाही, आणि कूलरची घरघर डिस्कॉर्ड या बोलायच्या अॅपमधलं क्रिस्प हे गोंगाट गाळणारं फिल्टर बरीचशी गाळतं.

तक्रारी दोन आहेत. वायर कपातून सुटी होत नाही, आणि फेब्रुवारीत खुर्चीचं चाक तिच्यावरून गेल्यापासून मी ती टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवून ठेवते. बदलता येणारी वायर असती तर ही धास्ती नसती. दुसरं, आवाज कमी-जास्त करायचं चाक फिरवताना आता खरखर येते. मी ते पूर्ण वर ठेवून विंडोजमधूनच आवाज बदलते.

मे महिन्यात भाऊ सुट्टीला आला होता. दोन रात्री माझाच हेडफोन घालून खेळला आणि म्हणाला, मला हाच मागवून दे. मी पट्टी काढली. त्याचा कान निघाला 69 मिमी, म्हणजे कपापेक्षा चार मिलिमीटर मोठा. दोन तासांनी त्याची पाळी खालून लाल झालीच होती, पण खेळण्याच्या नादात त्याला कळलं नव्हतं. परत जाण्याआधी दोघं बर्डीला गेलो, त्याच दुकानात, त्याच स्टुलावर. त्याने 75 मिमीच्या कपाचा निवडला. वजन 20 ग्रॅम जास्त आहे, पण त्याला चष्मा नाही आणि पट्टा रुंद आहे. कालच चार तास खेळलो. त्याने एकदाही कप उचलला नाही, मीही नाही.