१७ नंबरचा फॉर्म भरलाय? गणितासाठी बालभारतीची दोन पुस्तकं पुरतात का

शाळा सुटून बरीच वर्षं झाली आणि आता १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची, अशांना विदर्भातल्या लहान गावात गणिताची शिकवणी मिळणं कठीण. सोयाबीन निघालं की कापूस वेचणी लागते, तेव्हा तालुक्याच्या क्लासला रोज जाणं होत नाही. अशा वेळी बालभारतीची गणित भाग १ आणि भाग २ हीच खरी सोबत. पास होण्यापुरती ती नक्की पुरतात, फक्त पहिल्या पानापासून ओळीनं वाचू नका.

भाग १ सुरू होतो दोन चलांतील रेषीय समीकरणांनी. अपूर्णांक आणि वजा चिन्ह विसरलेला माणूस तिथंच अडकतो. त्याऐवजी सहावं प्रकरण, सांख्यिकी, आधी घ्या. त्यात मध्यकाचं सूत्र जपून वापरा: संचित वारंवारता (वरपासून बेरीज करत आलेली वारंवारता) मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची घ्यायची, मध्यक वर्गाची नाही. १०-१४, १५-१९ असे तुटक वर्ग असतील तर ते आधी ९.५-१४.५, १४.५-१९.५ असे सलग करा. मग संभाव्यता, त्यानंतर अर्थनियोजन. जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले आहेत; जुन्या आवृत्तीतले दर किराणा बिलाशी जुळवत बसू नका, प्रश्नात दिलाय तोच दर धरा.

वर्गसमीकरणात गुण जातात ते चिन्हांपायी. २एक्स² − ७एक्स − १५ = ० घ्या. एक्स²चा सहगुणक ए, एक्सचा बी आणि सुटी संख्या सी; म्हणून ए = २, बी = −७, सी = −१५ हे चिन्हासकट वेगळ्या ओळीत लिहा. बी² − ४एसी म्हणजे ४९ + १२०, म्हणजे १६९. सीचं वजा चिन्ह सुटलं तर ४९ − १२० होतं आणि उत्तरच निघत नाही. बरोबर केलं तर १६९ चं वर्गमूळ १३, मग सूत्रानं (७ ± १३) ÷ ४, म्हणून ५ किंवा −३/२.

भाग २ मध्ये प्रमेयांच्या आधी भौमितिक रचना करा. कच्ची आकृती काढल्याशिवाय कंपास हातात घेऊ नका, आणि कंपासचा स्क्रू घट्ट आहे का तेही बघा. ढिला असला की कंस सरकतो.

दोन्ही पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, वेळ दोन तास. त्यातले ८ गुण पहिल्या प्रश्नाचे आणि ७ गुण रिकाम्या चौकटी भरायच्या कृतींचे. म्हणून पुस्तकातल्या कृती ओलांडून पुढं जाऊ नका.

उणीव एकच, पण मोठी: मागच्या उत्तरसूचीत नुसती उत्तरं आहेत, पायऱ्या नाहीत. एकट्यानं शिकणाऱ्याला चूक कुठं झाली ते कळत नाही. म्हणून सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करा, मग ओळ-ओळ ताडून पाहा. पुस्तकातल्या क्यूआर कोडला इंटरनेट लागतं. गावात रेंज नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्ही पीडीएफ तालुक्याला गेल्यावर मोबाईलमध्ये उतरवून घ्या, ती फुकट आहेत. छापील प्रत तरी घ्याच, कारण चौकटी भरायला कागद लागतो.